पाचशे चार बरोबरच्या खुणा

मास्तरांनी आयुष्यात कुणालाही शिकवलेलं नाही. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण जुन्या कचेरीत ते रोज सकाळी अकरा वाजता वही घेऊन तिन्ही मजल्यांवर फिरत आणि हजेरी घेत. हजेरी माणसांची नसे, खुर्च्यांची असे. एकशे नव्वद खुर्च्यांपैकी रोज एकशे दहाच भरतात, असा शोध त्यांनी वर्षभराच्या मेहनतीने लावला. वरिष्ठांनी चारचौघांत त्यांची पाठ थोपटली आणि उरलेल्या ऐंशी खुर्च्या काढून टाकल्या. त्या ऐंशींत एक मास्तरांची होती.

"मी मोजायला फिरत असायचो ना," मास्तर आजही सांगतात, "त्यामुळे माझी खुर्ची रोज रिकामीच सापडायची. मीच तसं लिहून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात."

नोकरी गेली, पण मोजायची खोड गेली नाही. हल्ली पुष्कळ कचेऱ्यांत कुणाला ठरलेली जागा नसते. सकाळी फोनवर अ‍ॅप उघडायचं, रिकामं टेबल शोधायचं आणि दिवसापुरतं आपल्या नावावर करायचं. बैठकीची खोली हवी असली तरी तीच तऱ्हा. अशी अ‍ॅप्स विकणाऱ्या कंपन्या ढीगभर, आणि प्रत्येकीच्या माहितीपत्रकावर चार हसरी माणसं एकाच लॅपटॉपकडे बोट दाखवून उभी. यांतलं कोणतं घ्यायचं हे ठरवण्याची वेळ येते कचेरीच्या व्यवस्थापकावर, म्हणजे बल्ब गेला, नळ गळतो, इथे थंडी वाजते आणि तिथे उकडतं, एवढ्याचसाठी ज्याला एरवी हाक मारली जाते त्या माणसावर. त्याला खरं सांगणारं कुणी नाही, हे मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी घरच्या मागच्या खोलीत टेबल टाकलं. दरवर्षी वीसेक अ‍ॅप्स स्वतः वापरून बघायची, त्यांना गुण द्यायचे आणि अहवाल काढायचा. अहवाल घेणाऱ्यांचं हळूहळू मंडळ झालं, मंडळाचा फोनवर ग्रुप झाला. आठ वर्षांत त्यात चारशे बारा व्यवस्थापक जमले. आपल्या कचेरीतली दुखणी ते तिथे एकमेकांना सांगत आणि शेवटी विचारत, "मास्तरांचं काय म्हणणं?"

मास्तरांचं काही ना काही म्हणणं असेच.

कंपन्यांकडून काहीही घ्यायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. पेन नाही, कॅलेंडर नाही, चहासुद्धा नाही. एका कंपनीच्या प्रदर्शनाला मास्तर घरून थर्मास घेऊन गेले आणि येताना तो तिथेच विसरले. कंपनीने तो घरपोच पाठवला. ही वस्तू स्वीकारावी की परत करावी, यावर मास्तरांनी अर्धा तास काथ्याकूट केला.

"अहो, तुमचाच थर्मास आहे तो," बायको म्हणाली.

मास्तरांनी पोचपावती लिहून दिली आणि मगच तो आत घेतला.

बायको फिजिओथेरपिस्ट. गावभरच्या आखडलेल्या माना आणि कुरकुरणारे गुडघे तिच्या हाताखाली सरळ होत. तिचं एकच अपयश घरात होतं आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं असे. हे मास्तरांचे वडील, अण्णा. सकाळी आंघोळ उरकून ते पावणेआठला त्या खुर्चीत बसत. चहा तिथेच, पेपर तिथेच, जेवणाचं ताट तिथेच, दुपारची डुलकीही तिथेच. "अण्णा, दर तासाला उठून दोन मिनिटं चाला," हे वाक्य सूनबाईने सहा वर्षं म्हटलं. अण्णा दर वेळी तितक्याच प्रेमाने म्हणत, "हो हो, उठतो की."

गेल्या वर्षाच्या अखेरीस बाजारात एक नवी वस्तू आली. बिस्किटाएवढी पांढरी डबी, खुर्चीखाली चिकटवायची. माणूस बसला की अ‍ॅपमध्ये ती जागा लाल दिसणार, उठला की हिरवी. टेबल आपल्या नावावर करून न येणारे लोक हा व्यवस्थापकांचा जुना वैताग होता. ही डबी तो मिटवणार होती. कंपनीने मास्तरांना चाळीस डब्यांची पेटी चाचणीसाठी फुकट देऊ केली. मास्तरांनी ती बाणेदारपणे नाकारली आणि स्वतःच्या खिशातून एक डबी विकत आणली.

एक डबी, म्हणजे एक खुर्ची. कोणती? मास्तर डबी हातात घेऊन घरभर फिरले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दिवसभर रिकाम्या. स्वतःची खुर्ची घ्यावी तर परीक्षक आणि परीक्षार्थी एकच झाला, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. राहिली ती घरातली एकमेव खुर्ची, जिच्यावर खरोखर कुणीतरी बसतं.

"अण्णा, जरा पाय वर घ्या."

"काय चिकटवतोयस?"

"संशोधन आहे."

"चावत नाही ना?"

मग चौदा दिवस, सकाळी आठ ते रात्री आठ, दर वीस मिनिटांनी मास्तर दारात येऊन उभे राहत. अण्णा बसलेत? बसलेत. अ‍ॅपमध्ये लाल? लाल. वहीत बरोबरची खूण. दिवसाच्या छत्तीस, चौदा दिवसांच्या पाचशे चार. अण्णा कधीमधी आतल्या खोलीत जाऊन येत, पण त्याचीही सोय मास्तरांनी करून ठेवली होती. पंधरा मिनिटांपर्यंत उठलेला माणूस बसलेलाच धरावा, हा त्यांचा स्वतःचा नियम मंडळात प्रसिद्ध होता आणि दरवर्षी अहवालाच्या सतराव्या पानावर छापला जाई. पाचशे चारपैकी पाचशे चार! आठ वर्षांत मास्तरांनी कुणालाच पैकीच्या पैकी गुण दिले नव्हते. त्या संध्याकाळी ते इतके खुशीत होते की त्यांनी बायकोला वही दाखवली. तिने पानं चाळली आणि सुस्कारा सोडला. "दोन आठवड्यांत एकदाही पंधरा मिनिटं उठले नाहीत म्हणजे," ती म्हणाली. तिचं दुखणं वेगळं होतं. मास्तरांना ते ऐकू आलं नाही.

अहवाल निघाला. डबी पहिली आली. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'प्रत्यक्ष तपासून'.

मंडळात एक चावीबाई होत्या. जहाजांच्या विम्याचं काम करणाऱ्या मोठ्या कचेरीत त्यांनी अकरा वर्षं स्वागतकक्षात काढली, आणि इमारतीतली कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नाही असं उघड झाल्यावर त्यांना व्यवस्थापक केलं गेलं. नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर होती. वर्ष संपलं की साहेब ठरवणार. अहवाल वाचून त्यांनी मास्तरांना एकाच ओळीचा निरोप पाठवला: "मास्तर, माणूस उठून गेल्यावर खुर्ची किती वेळाने हिरवी होते?"

मास्तर तेव्हा अभिनंदनाचे निरोप वाचण्यात गुंतले होते. त्यांनी उत्तर दिलं, "पान सतरा पाहावे."

बाईंनी पान सतरा पाहिलं, मास्तरांवर विश्वास ठेवला आणि तीन मजल्यांवर दोनशे साठ डब्या बसवल्या.

पहिल्या दिवशी लोक आले तसतशा खुर्च्या लाल होत गेल्या. साहेबांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बघून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला बाईंनी दारं उघडली, तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं आणि पडद्यावरच्या निम्म्याहून जास्त खुर्च्या लाल होत्या. तिसऱ्या दिवशी अख्खी कचेरी लाल झाली. अ‍ॅप कुणालाच टेबल देईना, आणि न राखलेल्या टेबलावर बसायचं नाही असा साहेबांचाच हुकूम होता. माणसं लॅपटॉप छातीशी धरून जिन्यात उभी. एका ज्येष्ठ कारकुनाने झेरॉक्सच्या यंत्रावर ठाण मांडलं. प्रत काढायला कुणी आलं की तो अंग चोरून बाजूला होई आणि परत तिथेच लिहू लागे. आणि या सगळ्यांसमोर दोनशे साठ रिकाम्या खुर्च्या.

बाईंनी ग्रुपवर लिहिलं. मंडळाने त्यांनाच धारेवर धरलं.

"बाई, बॅटरी उलटी घातली असेल," एका दवाखान्याचे व्यवस्थापक म्हणाले.

"डबी खुर्चीखाली लावायची, बाई, खुर्चीवर नाही," सूतगिरणीवाले म्हणाले आणि पुढे हसरे चेहरे ओळीने बसवले.

"पाचशे चारपैकी पाचशे चार आहेत. मास्तरांचं चुकेल कसं?"

खुद्द मास्तरांनी काय केलं? बाईंना बेचाळीस प्रश्नांचा तक्ता पाठवला, त्यात खोलीचं तापमान आणि खुर्चीच्या कापडाचा रंगसुद्धा विचारला होता. तेवढ्यावर न थांबता त्यांनी कित्येक महिन्यांनी आपलं अ‍ॅप उघडलं. खिडकीजवळची खुर्ची लाल. मागे वळून पाहिलं. अण्णा पेपर वाचत होते. मास्तरांनी त्या लाल ठिपक्याचं चित्र काढून ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "आमच्याकडे उत्तम चालू आहे." त्याला शहाऐंशी जणांनी अंगठा दाखवला. बाईंचं उत्तर खाजगीत आलं. "गुरुवारी साहेबांनी बोलावलंय. कुणाच्या सांगण्यावरून घेतलंत, असं विचारतायत. बहुतेक परत स्वागतकक्षात बसवतील, नाहीतर घरी. तक्ता भरून पाठवते."

तक्ता खरोखरच भरून आला. बेचाळीसच्या बेचाळीस उत्तरं. कापडाचा रंग: राखाडी.

सोमवारी बायको अण्णांना घेऊन नणंदेकडे गेली; दोन दिवस राहून येणार होती. घर शांत झालं. मास्तर मागच्या खोलीत बाईंचा तक्ता पुढे घेऊन बसले. चूक बाईंचीच आहे हे सिद्ध करण्यासाठी आणखी एक चित्र हाताशी असावं, म्हणून त्यांनी अ‍ॅप उघडलं. लाल. समाधानाने मान हलवून त्यांनी सवयीने उघड्या दारातून खिडकीकडे पाहिलं.

खुर्चीत कुणी नव्हतं.

मास्तर पद्धतशीर माणूस. पंधरा मिनिटांपर्यंत उठलेला माणूस बसलेलाच धरावा. ते खुर्चीसमोर उभे राहिले आणि त्यांनी घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं झाली. लाल. कदाचित उशीची ऊब असेल, उशी काढली. लाल. खुर्ची उचलून उन्हातून सावलीत आणली. लाल. तास झाला. दीड तास झाला. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"पोचलो आम्ही. तुम्ही काय करताय?"

"अण्णांच्या खुर्चीसमोर उभा आहे."

"अहो, दोन दिवसांत येतील ते. इतकं काय मनाला लावून घेता?"

मास्तरांनी वही काढली. पाचशे चार खुणा ओळीत उभ्या होत्या, सगळ्या एकाच उंचीच्या. डबीला बसलेला माणूस कळतो का, हे त्यांनी पाचशे चार वेळा तपासलं होतं. उठलेला कळतो का, हे एकदाही नाही. एकदा लाल झालेली ती डबी परत हिरवी होतच नव्हती, आणि ती ज्या खुर्चीला चिकटवली होती तिच्यावर पृथ्वीतलावरचा सर्वांत न उठणारा माणूस बसलेला होता. मोजण्यापायी एक नोकरी गेली होती. आता मोजण्यापायीच दुसऱ्या कुणाची तरी जाणार होती. प्रगती म्हणायची, मास्तरांच्या मनात आलं, पूर्वी स्वतःचीच घालवायचो.

त्यांनी कंपनीला फोन लावला. प्रतिनिधी अजिबात दचकला नाही.

"हो सर, आम्हाला कल्पना आहे. दोन महिन्यांत दुरुस्ती येते. तोवर तुम्ही काही लिहू नका, उगाच गैरसमज होतात. आणि सर, यंदा तुमच्या मंडळाच्या संमेलनाचा सगळा खर्च आम्ही उचलू."

"आम्ही कुणाचा चहाही घेत नाही," मास्तर ताठ मानेने म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की आज या वाक्याचा जरासुद्धा अभिमान वाटत नाहीये. कंपनीच्या फुकटच्या चाळीस डब्या घेतल्या असत्या, तर जेवून उठल्यावरही लाल राहिलेल्या खुर्च्यांनी तेव्हाच सगळं उघडं पाडलं असतं.

बुधवारी बायको परत आली तेव्हा टेबलावर खुलाशाचे अकरा मसुदे पडले होते. तिने उभ्याउभ्या एक वाचला. "'विशिष्ट परिस्थितीत उपकरणाच्या प्रतिसादात काही मर्यादा आढळून आल्या आहेत.' कुणाला आढळल्या?"

"मला."

"मग चूक कुणी केली ते यात कुठे लिहिलंय?"

मास्तरांनी तिच्या हातातला कागद घेतला. मसुदे त्यांनी गोळा केले. मग उभ्यानेच फोन घेतला आणि ग्रुपवर लिहिलं: "डबीला दिलेले गुण मागे घेतो. मी एकच खुर्ची तपासली. ती माझ्या वडिलांची होती. ते उठत नाहीत. चावीबाईंचं काहीही चुकलेलं नाही. खरेदीआधी त्यांनी मला नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि मी त्यांना पान सतरा दाखवलं." पाठवण्याआधी त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. ती अण्णांना खुर्चीत बसवत होती. तिने मानेनेच पाठवा म्हटलं.

गुरुवारी ते विमा कचेरीत वेळेआधी जाऊन बसले. तसं म्हणायचं एवढंच. बसायला जागा मिळेना, म्हणून जिन्यात लॅपटॉपवाल्यांच्या रांगेत उभे राहिले. चावीबाई वरून उतरल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात एक जाड वही. मास्तरांना पाहून त्या थबकल्या.

"तुम्ही कशाला आलात, मास्तर?"

"तुमच्या साहेबांना पान सतरा दाखवायला."

"ग्रुपवरचं वाचलं मी." त्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "तो रंगाचा प्रश्न कशासाठी होता हो?"

"तुम्ही कंटाळून गप्प बसाल म्हणून."

बाई हसल्या नाहीत. "चला," म्हणाल्या.

साहेब थोडक्यात बोलणारे होते. त्यांनी अहवालाचं मुखपृष्ठ समोर धरलं.

"'प्रत्यक्ष तपासून' लिहिलंय इथे. किती खुर्च्या तपासल्या?"

"एक."

"किती दिवस?"

"चौदा."

"आणि त्या खुर्चीवर कोण होतं?"

"वडील."

"ते मधे उठले असतील ना?"

"माझी बायको सहा वर्षं त्याचीच वाट बघतेय."

साहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. मास्तरांनी फोन पुढे केला. त्यावर बाईंचा तो एका ओळीचा निरोप आणि त्याखाली स्वतःचं उत्तर होतं. "हे वाचा. तुमच्या कचेरीत हा प्रश्न एका माणसाला सुचला. चारशे बारा जणांत दुसऱ्या कुणाला सुचला नाही, आणि मला तर सुचायलाच हवा होता. त्यांनी विचारला, मी उडवून लावला. कुणाची खुर्ची काढायची असेल तर माझी काढा. मला सवय आहे."

साहेबांनी दोनदा वाचलं. मग बाईंकडे वळले. "त्या वहीत काय आहे?"

बाईंनी वही उघडली. लाल पडद्याच्या पहिल्या दिवसापासून त्या दर तासाला तिन्ही मजले फिरत होत्या आणि खरोखर रिकामी टेबलं हाताने लिहून काढत होत्या. आजपासून हाच कागद जिन्यात लावते, म्हणाल्या, तेवढी तुम्ही परवानगी द्या. पडदा बंद ठेवा. मास्तरांनी आडून पाहिलं. सुवाच्य अक्षर होतं.

"एवढं करत होतात तर सांगितलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"आठवडाभर सांगतेय, साहेब. प्रत्येक जण मला बॅटरीबद्दल विचारतोय."

तास संपायच्या आत लोक जिन्यातून वर जाऊन बसले. झेरॉक्सवाले कारकून जायला तयार नव्हते. त्यांना ती उंची मानवली होती. डब्या कंपनीला परत गेल्या, आणि वर्ष संपल्यावर बाई व्यवस्थापक म्हणून कायम झाल्या. मास्तरांच्या मंडळातून मात्र एकसष्ट जण निघून गेले. अंगठा दाखवणाऱ्या शहाऐंशींपैकीच ते बहुतेक होते. मास्तरांनी मोजून पाहिलं. सूतगिरणीवाल्यांनी बाईंची माफी मागितली आणि हसरे चेहरे या वेळी टाकले नाहीत.

पुढच्या अहवालाचं सतरावं पान चावीबाईंनी लिहिलं. मजकूर एका वाक्याचा होता: माणूस उठवा आणि घड्याळ लावा. बाकीचं पान कोरं.

नव्या कंपनीच्या नव्या डब्या आल्या, या वेळी सहा. पाच जेवणाच्या खुर्च्यांना लागल्या. सहावी कुठे लावायची यावर चर्चा झाली नाही. आता दर तासाला मास्तर घड्याळ घेऊन खिडकीजवळ जातात.

"अण्णा, उठा."

"परत?"

"पंधरा मिनिटं. उठल्यासारखं करून फसवायचं नाही."

अण्णा खुर्चीच्या हाताला धरून उठतात, कुरकुरत दिवाणखान्यात फेऱ्या मारतात. दारात उभी असलेली सून काहीच बोलत नाही. बोललं तर ते थांबतील अशी तिला भीती वाटते. एकदा न राहवून तिने म्हटलंच, "अण्णा, माझं सहा वर्षं ऐकलं नाहीत ते?"

"तुझं तब्येतीसाठी होतं," अण्णा म्हणाले. "हे कामाचं आहे."

मास्तरांचं लक्ष फोनकडे होतं. लाल. दोन मिनिटं, लाल. तीन मिनिटं. अण्णांनी तिसरी फेरी पुरी केली आणि खुर्चीपाशी येऊन थांबले.

"बसू का?"

"थांबा."

चौथ्या मिनिटाला ठिपका हिरवा झाला. मास्तरांनी वहीत खूण केली, तिच्यापुढे चार मिनिटं असं लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, चावीबाईंना विचारणे: हा वेळ जास्त आहे का?

"आता बसा," ते म्हणाले.

अण्णा खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे होते. "बसतो रे," त्यांनी मागे न वळता म्हटलं. "तुझी पंधरा मिनिटं तरी होऊ देत."